समुद्राचे नियम बंदरापर्यंत कधी पोचणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१७ जानेवारी २०२६ ला कुठल्याच देशाच्या ताब्यात नसलेल्या खोल समुद्राबद्दलचा नवा आंतरराष्ट्रीय करार लागू झाला. तुमच्या पेपरात त्याची बातमी आली होती, आतल्या पानावर, बोटभर. बाकीच्या पेपरांत तेवढीही दिसली नाही म्हणून आधी तुमचे आभारच मानतो, पण त्या बातमीत 'ऐतिहासिक' होतं, 'जैवविविधता' होतं, साठ देशांनी मंजुरी दिली असं होतं, आणि किनाऱ्यावरच्या माणसाला त्याचं काय हे मात्र एका ओळीतही नव्हतं. तक्रार तुमच्या एकट्याबद्दल नाहीये. समुद्राबाबत जगात जे काही ठरतं ते आपल्यापर्यंत एकतर येतच नाही, नाहीतर असं अर्धवट येतं, आणि उरलेली जागा व्हॉट्सॲपवाले भरून काढतात.

मी पालघर जिल्ह्यातल्या एका मच्छीमार सोसायटीत हिशेब लिहितो. डिझेलचा कोटा, परताव्याचे फॉर्म, बर्फाची बिलं, बोटींच्या लायसन्सचं रिन्यूअल, हे आमचं रोजचं काम. आंतरराष्ट्रीय राजकारण वगैरे माझा विषय नाही. पण टेबलासमोर उभं राहून लोक जे विचारतात त्यातले कितीतरी प्रश्न जिनिव्हा, न्यूयॉर्क, नाहीतर सेशेल्स असल्या ठिकाणांहून आलेले असतात, फक्त विचारणाऱ्याला ते माहीत नसतं आणि खरं सांगायचं तर आम्हा सांगणाऱ्यांनाही नसतं. कोळंबीचा भाव का पडला? मुशी, म्हणजे शार्क, विकायची की नाही? लाईनच्या पलीकडे गेलं तर काय होतं? ही जीपीएससारखी नवीन पेटी बोटीवर का बसवली? उत्तरं शोधायला गेलं की सगळं इंग्रजी पीडीएफमध्ये सापडतं, तेही शंभर-दीडशे पानांच्या.

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट सांगतो. गणपती होऊन गेलेले, सोसायटीत गर्दी, आणि एक मेसेज सगळ्यांच्या फोनवर फिरत होता की डब्ल्यूटीओने, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेने, मच्छीमारांची सबसिडी बंद केली, १५ सप्टेंबरपासून डिझेलचा परतावा मिळणार नाही, खाली हात जोडलेले इमोजी आणि 'जास्तीत जास्त शेअर करा'. आता आपल्याकडे डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा आधीच वेळेवर मिळत नाही, थकलेला असतो, त्यामुळे लोकांना ते लगेच खरं वाटलं. बोट चालवणाऱ्या एका म्हाताऱ्या तांडेलने तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच जिनिव्हाला जाऊन सही करून आलोय. दोन नाखवा मंडळींनी, परतावाच नाही तर ट्रिप कशाला मारायची, म्हणून बोट थांबवायची भाषा सुरू केली.

रात्री घरी बसून मी तो करार शोधला. तारीख खरी होती, मत्स्य सबसिडीचा करार १५ सप्टेंबर २०२५ लाच लागू झाला, मंजूर झाला होता जून २०२२ मध्ये. पण जे देश त्यात सामील झाले त्यांनाच तो लागू आणि भारत त्यात सामील झालेला नव्हता. आणि करारात बंद काय करायचंय? बेकायदा, चोरून होणाऱ्या मासेमारीला दिलेला पैसा, ज्या मासळीचा साठा आधीच उपसून झालाय तिच्यामागे लागायला दिलेला पैसा, आणि कुणाचाच ताबा नसलेल्या खोल समुद्रातल्या मासेमारीला दिलेला पैसा. डिझेल परताव्यासारख्या गोष्टींचा मोठा वाद म्हणजे बोटी आणि ताकद वाढवणाऱ्या सबसिडीचा, तो अजून सुटलेलाच नाही. तिथे भारताचं म्हणणं आहे की आमच्यासारख्या देशांना २५ वर्षं वेळ द्या आणि ज्यांची मोठी जहाजं दुसऱ्यांच्या समुद्रापर्यंत जाऊन मासे ओरबाडतात त्यांनी आधी थांबावं. म्हणजे आपला प्रतिनिधी तिथे आपल्याच परताव्यासाठी भांडतोय आणि इकडे आपला तांडेल समजतोय की परतावा गेला! करारात अजून एक गंमत आहे, लागू झाल्यापासून चार वर्षांत उरलेले नियम ठरले नाहीत तर सदस्य देशांनी वेगळं ठरवल्याशिवाय तो करार आपोआप संपतो. म्हणजे २०२९ पर्यंत हा विषय परत परत येणार आणि दरवेळी नवीन मेसेज फिरणार.

दुसऱ्या दिवशी मी वहीच्या पानावर मराठीत दहा-बारा ओळी लिहून नोटीस बोर्डाला लावल्या. लोकांनी उभं राहून वाचल्या, फोटो काढले, शेजारच्या गावच्या सोसायटीने मागून घेतल्या. एवढंच लागतं हो. हे माझ्यासारख्या हिशेबनीसाने रात्री जागून करायचं काम आहे का, हा माझा प्रश्न आहे. ज्या खात्याचे अधिकारी या वाटाघाटींना जातात, त्यांनाच एका पानाचं मराठी टिपण काढायला काय जड जातं?

आता जास्त गंभीर विषयाकडे येतो. डहाणू, तलासरी, पालघरकडची पोरं सीझनला गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. ओखा, पोरबंदर, वेरावळ. उचल घेतलेली असते, त्यामुळे नाखवा सांगेल तिकडे जायचं. सर क्रीकच्या पुढे भारत-पाकिस्तानची सागरी सीमा दोन्ही देशांनी मिळून कधी ठरवलेलीच नाही, कागदावरही नाही, पाण्यावर तर नाहीच नाही. चांगली मासळी त्याच बाजूला लागते. मग कधीतरी पाकिस्तानची बोट येते, आपली बोट ओढून नेते आणि खलाशी कराचीच्या तुरुंगात. वर्षं जातात. काहींचे मृतदेहच परत आले.

२००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. १ जानेवारी २०२५ च्या यादीत पाकिस्तानने २१७ मच्छीमार आपल्या ताब्यात असल्याचं सांगितलं होतं. त्याची प्रेस नोट निघते, बातम्यांत आकडा येतो. घरच्यांना आकडा नको असतो, त्यांना नाव पाहिजे असतं. आमच्याकडे एक बाई आली होती, तिचा नवरा पकडला गेला हे तिला दुसऱ्या खलाशाच्या घरून कळलं. तिने फोनवर कुणीतरी पाठवलेला कागद दाखवला, इंग्रजी, पुसट फोटो, त्यात एक नाव नवऱ्यासारखं होतं पण बापाचं नाव वेगळं आणि गावाच्या जागी गुजरातचं बंदर. तो माणूस तोच की दुसरा? मी काय सांगणार! तलाठ्याकडे जा, तहसीलदाराकडे जा, तिकडून जिल्ह्याला, तिथले म्हणतात बोट गुजरातची आहे तर गुजरातला विचारा. बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, मजुरी बुडवून ती हे सगळं करत होती.

आणि आता ऐका. संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदा आहे, १९८२ सालचा, ३२० कलमांचा. भारताने तो १९९५ मध्ये मंजूर केला, पाकिस्तानने १९९७ मध्ये. त्याचं कलम ७३ असं म्हणतं की किनाऱ्यापासून २०० नॉटिकल मैलांच्या आर्थिक क्षेत्रात मासेमारीचा नियम मोडला म्हणून परदेशी बोट पकडली, तर वाजवी जामीन भरल्यावर बोट आणि खलाशी लगेच सोडायचे, बोट ज्या देशाची त्याला तातडीने कळवायचं, आणि दोन देशांत तसा वेगळा करार नसेल तर शिक्षा म्हणून तुरुंगात टाकायचं नाही. दंड करा, पण कैद नाही. दहा दिवसांत तोडगा निघाला नाही तर हॅम्बुर्गच्या सागरी न्यायाधिकरणाकडे सुटकेसाठी अर्ज करायची सोयसुद्धा त्यातच आहे, पुढच्या एका कलमात. अर्थात यात मेख आहे. हे कलम १२ मैलांच्या आतल्या, म्हणजे देशाच्या थेट हद्दीतल्या, पाण्याला लागू नाही, आणि जिथे सीमाच ठरलेली नाही तिथे कुठलं पाणी कुणाचं हाच वाद, शिवाय भारत-पाकिस्तानच्या भांडणात कायद्याचं पुस्तक कोण उघडतंय. हे सगळं मला कळतं. पण ज्या घरातला माणूस आत आहे त्या घराला असं काही कलम आहे हे निदान माहीत तरी असावं की नाही? निवेदन देताना, खासदाराला भेटताना 'साहेब दया करा' म्हणायचं आणि 'साहेब कलम ७३ प्रमाणे विचारा' म्हणायचं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी आमच्या पट्ट्यातल्या कितीतरी लोकांना विचारलं, कोणालाही माहीत नव्हतं, त्यात दोन वकीलही होते.

१२ मैल आणि २०० मैल यातला फरक साधा वाटतो पण त्यावर केवढं अवलंबून असतं बघा. फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळसमोर इटलीच्या जहाजावरच्या नौसैनिकांनी आपल्या दोन मच्छीमारांना गोळ्या घातल्या, साडेवीस मैलांवर. म्हणजे १२ च्या बाहेर, २०० च्या आत. मग खटला कुणी चालवायचा यावरच वर्षानुवर्षं वाद चालला, सुप्रीम कोर्ट झालं, हॅम्बुर्ग झालं, शेवटी २०२० मध्ये लवादाने सांगितलं की भारताला खटला चालवता येणार नाही पण नुकसानभरपाई मिळेल, आणि २०२१ मध्ये दहा कोटींवर प्रकरण मिटलं. टीव्हीवर तेव्हा रोज आरडाओरडा असायचा, देशाची इज्जत वगैरे. साडेवीस मैल या आकड्याला एवढं महत्त्व का, हे मराठीत नकाशा काढून कुणी समजावल्याचं मला तरी आठवत नाही.

आता खोल समुद्राकडे. हिंदी महासागराच्या मध्यभागी, तळाला, पाच-सहा किलोमीटर खोलीवर बटाट्याएवढे धातूचे गोळे पसरलेत, त्यात मँगनीज, निकेल, कोबाल्ट, तांबं असतं. तिथल्या ७५,००० चौरस किलोमीटर तळावर शोध घ्यायचा हक्क भारताकडे आहे. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ तीन लाख सात हजार, म्हणजे जवळपास पाव महाराष्ट्र! हा हक्क देते जमैकातल्या किंग्स्टनची आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरण नावाची संस्था. आणि या सगळ्याची सुरुवात आपल्या शेजारीच झालीय. गोव्याच्या दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिच्या 'गवेषणी' जहाजाने २६ जानेवारी १९८१ ला अरबी समुद्रातून पहिला गोळा वर काढला, आणि १९८७ मध्ये भारत असा हक्क मिळवणारा पहिला देश ठरला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला चक्क अभिमान वाटला. मग प्रश्न पडला की शाळेच्या पुस्तकात मला ७२० किलोमीटरचा किनारा तेवढा पाठ करायला लावला, हे का नाही सांगितलं?

सप्टेंबर २०२५ मध्ये भारताने याच प्राधिकरणाशी आणखी एक करार केला, कार्ल्सबर्ग रिज नावाच्या समुद्रातल्या डोंगररांगेवर, १०,००० चौरस किलोमीटर. ही रांग अरबी समुद्राच्या बाजूला आहे. समुद्रतळ खणायचा की नाही यावर किंग्स्टनमध्ये वर्षानुवर्षं भांडण चालू आहे, काही देश म्हणतात थांबा, अजून पुरेसं कळलेलं नाही, काही म्हणतात नियम करा आणि सुरू करा. त्यांच्या सभा इंटरनेटवर लाईव्ह दिसतात, हे चांगलं आहे. पण कंत्राटांचे अर्ज तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीचं कामकाज बहुतेक बंद दाराआड चालतं. आणि जे उघडं असतं तेही इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, रशियन, चिनी, अरबी या सहा भाषांत. मराठीचं सोडा, त्यात हिंदीही नाही. खोदावं की न खोदावं यावर माझं मत पक्कं नाही, कोबाल्ट बॅटरीला लागतो हेही खरं आणि एकदा गढूळ केलेला तळ कधी निवळेल हे कोणी सांगू शकत नाही हेही खरं. पण या कामाला पैसा आपला लागतोय, २०२१ मध्ये खोल समुद्र मोहिमेला ४,०७७ कोटी मंजूर झाले, तर त्याचा जमाखर्च आणि फायदा-तोटा मराठीत मांडलेला बघायचा हक्क करदात्याला आहे की नाही?

केरळवाल्यांचं बघा. त्यांच्या किनाऱ्यासमोर वाळू काढण्यासाठी केंद्राने ब्लॉक लिलावाला काढले, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या मच्छीमारांनी किनारपट्टी बंद ठेवली आणि मार्चमध्ये विधानसभेने ठराव केला. ते बरोबर की चूक हा वेगळा वाद, पण त्यांना वेळेत माहीत होतं. आमच्याकडे माहीत होईपर्यंत भूमिपूजन झालेलं असतं. (वाढवण बंदराबद्दल या पत्रात बोलत नाही, त्यावर बोलायला लागलो तर पान पुरणार नाही.)

लोकांना कळत नाही, विषय किचकट आहे, हे उत्तर मला नेहमी मिळतं. एका खात्याकडे मी लेखी विचारणा केली होती की सागरी करारांची मराठी माहिती कुठे मिळेल, तर उत्तर आलं की माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे. संकेतस्थळ उघडलं तर इंग्रजी, वर 'मराठी' असं बटण, ते दाबलं की फक्त मेनू मराठी होतो आणि आतलं सगळं तसंच. काही लोक म्हणतात आता काय, फोनमध्ये टाका, आपोआप भाषांतर होतं. करून बघितलंय. जे बाहेर येतं ते वाचून मूळ इंग्रजी बरं वाटतं.

आणि किचकटपणाचं म्हणाल तर आमच्या लोकांना हैदराबादची इन्कॉइस संस्था सॅटेलाईटने समुद्राचं तापमान आणि रंग बघून मासळी कुठे लागेल ते सांगते. कुठल्या बंदरापासून कुठल्या दिशेला, किती किलोमीटर, किती मीटर खोलीला. हे मराठीत येतं, आणि जे खलाशी चौथी पास नाहीत तेही ते बघून होकायंत्र लावतात. त्यामागचं विज्ञान कलम ७३ पेक्षा सोपं आहे काय? दुसरं उदाहरण, संरक्षित प्राणी जाळ्यात आला तर जाळं कापून सोडा, फोटो काढा आणि २५,००० रुपयांपर्यंत भरपाई घ्या, ही महाराष्ट्र सरकारची योजना २०१८ च्या शेवटी आली. मराठीत पोस्टर लागले, चित्रं होती. तेव्हापासून कासवं सोडली गेली, व्हेल शार्क सोडले गेले, आणि सोडणारे हेच आमचे लोक, ज्यांना म्हणे कळत नाही.

याच्या उलट मुशी आणि वागळीचा (चपट्या, शेपटीवाल्या माशाचा) घोळ. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामाला वन्यजीव व्यापाराच्या परिषदेत मुशीच्या एका अख्ख्या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याची अट आली, लगेच डिसेंबरात आपला वन्यजीव कायदा बदलला, नवीन परिशिष्टं आली, त्यात शास्त्रीय नावं लॅटिनमधली. कुठली मुशी चालते, कुठली नाही, कुठली फक्त निर्यातीला नाही, कुठली आणली तर थेट जेल? बाजारात बसणाऱ्या बाईने टोपलीतल्या माशाचं लॅटिन नाव कुठून आणायचं! काहींनी भीतीने मुशी विकायचीच सोडली, काही जण पर्वा न करता सगळंच विकतात. माझ्या मते दोन्ही नुकसानच, माणसाचं आणि माशाचं. फोटो, त्याखाली किनाऱ्यावरचं नाव, आणि हिरवा किंवा लाल ठिपका, असा एक तक्ता प्रत्येक जेट्टीवर लावायला कितीसा खर्च येतो? नावं मात्र इथल्या लोकांना विचारून घाला, कारण डहाणूचं नाव मालवणला चालत नाही.

कोळंबीचं थोडक्यात सांगतो. जाळ्यात सापडलेल्या कासवाला बाहेर पडायची वाट ठेवणारी जाळी आपल्या ट्रॉलरना नाही म्हणून अमेरिका काही वर्षांपासून आपली समुद्रातली कोळंबी घेत नाही. हा वाद जुना आहे, १९९८ मध्ये भारत, पाकिस्तान, मलेशिया आणि थायलंड मिळून याच विषयावर डब्ल्यूटीओत अमेरिकेशी भांडले होते. बंदरावर मात्र एवढंच कळतं की व्यापारी भाव पाडतो. शिव्या व्यापाऱ्याला.

कायद्याने तरी हे मागायचा अधिकार आहे का, तर आहे. माहिती अधिकाराचं कलम ४ फार कमी लोक वाचतात, सगळे अर्ज करायच्या कलमावर थांबतात. त्यात लिहिलंय की लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणं ठरवताना किंवा निर्णय जाहीर करताना त्याबद्दलची सगळी महत्त्वाची माहिती सरकारने स्वतःहून प्रसिद्ध करायची, आणि ती देताना स्थानिक भाषा आणि त्या भागात पोचणारी पद्धत विचारात घ्यायची. कोणी अर्ज करायची वाट बघायची नाही. २०२० मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या मसुद्याबाबत दिल्ली हायकोर्टाने सांगितलं की राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या सगळ्या २२ भाषांत भाषांतर करा, तर केंद्र सरकार त्याविरुद्ध झगडत राहिलं. आपल्या मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले, बॅनर लागले, मीही दोन पेढे खाल्ले. पण अभिजात भाषेत सागरी कायद्याचं एक पान मिळत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने २०० मैलांच्या क्षेत्रातल्या मासेमारीचे नवीन नियम काढले. १२ मैलांच्या बाहेर जाणाऱ्या यांत्रिकी बोटींना आता ऑनलाईन पास काढावा लागणार, एलईडी लाईट लावून मासेमारी बंद, दोन बोटींनी मिळून जाळं ओढणं बंद. बरेचसे नियम मला चांगलेच वाटतात, एलईडीवाल्यांनी किनाऱ्यावरच्या छोट्या माणसाचं वाटोळं केलंय. पण हे नियम भारताने जगाला दिलेल्या शब्दांशी जोडलेले आहेत, आपली मासळी बेकायदा पकडलेली नाही हे परदेशी गिऱ्हाईकाला दाखवायचंय, हे कोणी सांगितलं नाही. आमच्याकडे फक्त 'पास काढा' एवढा निरोप आला. त्याआधी ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी पालघरलाच एक लाख बोटींवर ट्रान्सपॉन्डर, म्हणजे वर लिहिलेली जीपीएससारखी पेटी, बसवायची योजना सुरू केली, फुकट. लोकांनी बसवून घेतले, काहींनी वायरी काढून ठेवल्या, त्यांना वाटतं सरकार नजर ठेवतंय. ती पेटी वादळाचा इशारा देते, सीमेजवळ गेलं की सावध करते, म्हणजे वर लिहिलेल्या त्या बाईचा नवरा कदाचित वाचला असता. कारण न सांगता दिलेली वस्तू माणूस संशयानेच घेतो.

आता मागणी. मत्स्य आयुक्तालयाने एक मराठी पान चालवावं, फक्त समुद्राच्या करारांसाठी. नवीन बैठक असली की बैठकीच्या आधी एक पान, झाली की नंतर एक पान. आधीचं पान जास्त महत्त्वाचं, कारण भारताने काय भूमिका घ्यावी हे सांगायला आम्हाला तेव्हाच वाव असतो. ते पान सोसायट्यांना पाठवावं, आम्ही बोर्डावर लावू. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तेच तीन मिनिटांचं व्हॉइस रेकॉर्डिंग, बोटीवर सगळ्यांकडे फोन असतात. रत्नागिरीला मत्स्य महाविद्यालय आहे, दोना पावलाला शास्त्रज्ञ आहेत, त्यात मराठी बोलणारेही भरपूर असतील, त्यांच्याकडून तपासून घ्या म्हणजे चुका राहणार नाहीत. १७ जानेवारीला लागू झालेल्या ज्या करारावर भारताने सप्टेंबर २०२४ मध्ये सही केली, त्यातच तर लिहिलंय की माहिती सगळ्यांना खुली राहील असं एक व्यासपीठ उभारायचं. ते उभारलं जाईल तेव्हा त्याची एक खिडकी मराठीत उघडावी असा आग्रह महाराष्ट्र आणि गोव्याने आत्ताच धरायला पाहिजे, नंतर नाही.

आणि तुम्हाला, संपादक साहेब, एक विनंती. शेअर बाजाराला रोज अर्धं पान असतं, राशिभविष्याला रोज जागा असते. महिन्यातून एकदा समुद्रासाठी पाव पान द्या. एजन्सीची बातमी जशीच्या तशी न छापता एखाद्या वार्ताहराला बंदरावर पाठवा आणि विचारा की याने तुमचं काय होणार. सुरुवात कुठून करायची म्हणाल तर १ जुलैला कैद्यांची नवी यादी येईल. त्या दिवशी नुसता आकडा छापू नका. परराष्ट्र खात्याकडे, जिल्हाधिकाऱ्यांकडे मागे लागून पालघर जिल्ह्यातल्या माणसांची नावं, बापाचं नाव, गाव, असं मराठीत छापा. खालच्या कोपऱ्यात कलम ७३ छापा, सोप्या मराठीत, कातरून ठेवता येईल असं. आमच्या सोसायटीकडून त्या दिवशीच्या पन्नास प्रती आगाऊ नोंदवून ठेवतो, पैसे रोख.

आपला,
एक वाचक, पालघर किनारा
(नाव छापू नये ही विनंती, सोसायटीत काम करायचंय)